बहिणीची वार खाली आहे, ३१ वा आठवडा – रत्नागिरीला कधी आणावं?

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. ती जैतापूरजवळ सासरी असते. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार (बाळाला पोषण देणारी, प्लासेंटा) खाली आहे असं आलं होतं. बहुतेकींची पुढे वर जाते, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले आणि आम्हीही निर्धास्त राहिलो. पहिला मुलगा सिझेरियनने झालाय. रक्तगट बी निगेटिव्ह.

सोमवारी पहाटे ती उठली तर गाऊनवर तळहाताएवढा लालभडक डाग. कळ नाही, काही नाही. तिने गाऊन मोरीत धुतला आणि चहा ठेवला. मला दुपारी फोनवर सांगितलं, तेही "दुखत नव्हतं ना, म्हणून बोलले नाही" असं. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. त्याच दिवशी रत्नागिरीला नेलं. सोनोग्राफीत वारेने गर्भाशयाचं तोंड पूर्ण झाकलंय, प्लासेंटा प्रिव्हिया. निगेटिव्ह रक्तगटासाठी देतात ते अँटी-डीचं इंजेक्शन दिलं, दोन रात्री ठेवून घरी सोडलं.

सासूबाई मायेच्या आहेत. पण त्या म्हणतात, पायाखाली उशी घेऊन पडून राहा, वार आपोआप वर सरकेल. वाडीतल्या एक आजी पोटाला तेल लावून वार उचलून देतात, त्यांनाही बोलावणार आहेत. जावई म्हणतात, नवव्यात नेऊ. भर पावसात तिथून रत्नागिरी दीड-दोन तास, रात्री गाडी मिळेपर्यंतचा वेळ वेगळाच. आमची मावशी रत्नागिरीत सिव्हिलच्या जवळ राहते. आत्ताच तिच्याकडे आणू का? की मी उगाच घाबरतेय?

प्रतिसाद:
ताई, उगाच नाही. आत्ताच आणा. मी २२ वर्षं प्रसूती विभागात परिचारिका होते.

वार स्वतः सरकत नसते. दिवस भरत येतात तसा गर्भाशयाचा खालचा भाग ताणतो, त्यामुळे वारेची कड तोंडापासून लांब जाते. पडून राहून ते होत नाही, आणि पोट तर कुणालाही चोळू देऊ नका. आजींना हात जोडून सांगा. त्याच ताणाने तोंडावरची वार थोडी सुटते आणि रक्त जातं, म्हणून दुखत नाही. दुखलं नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात नाही. पहिल्यांदा थोडं जातं; पुढच्या वेळी किती जाईल ते कुणीच सांगू शकत नाही.

कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा, वार खाली आहे, आतून तपासू नका. फाईल कायम हाताशी ठेवा. नवराबायकोचा संबंध बंद. बी निगेटिव्ह रक्त आयत्या वेळी मिळणं कठीण, रक्तपेढीत आजच बोला. पुन्हा रक्त गेलं, थेंबभर का असेना, तर लगेच १०८.

सगळ्यात महत्त्वाचं, आधीचं सिझेरियन आहे. वार पुढच्या भिंतीला असेल तर ती जुन्या टाक्यांच्या जागी रुतली आहे का, हे डॉप्लर सोनोग्राफीत (रक्तप्रवाह दाखवणारी) बघायला सांगा. रुतलेली वार सुटत नाही, खूप रक्त जातं, कधी पिशवीही काढावी लागते. तसं असेल तर सिझेरियन कोल्हापूरसारख्या मोठ्या ठिकाणी, आधी ठरवूनच. नसेल तर साधारण ३६-३७ आठवड्यांना करतात. त्याआधी करायची वेळ येईलसं वाटलं तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शनं देतात, त्याबद्दलही विचारून ठेवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. रिपोर्ट काढून बघितला, वार पुढच्या भिंतीलाच आहे. डॉप्लरचं उद्या विचारते. जावयांना तुमचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण अर्ध्या तासाने गाडी सांगितल्याचा मेसेज आला. सकाळी सहाला निघतायत. मावसभाऊ बी निगेटिव्ह आहे, तोही तयार आहे.