ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाइल मॅनेजर कोणता ठेवायचा?

सेक्रेटरी काका: सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर सी-२०२ च्या ताईनं लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) घालून दिलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आपल्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून हे करावं लागलं. काम नीट चाललंय. फक्त फाइल मॅनेजरवरून, म्हणजे फाइल्स-फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रामवरून, दोन मतं पडलीत. बी-३०१ म्हणतो डबल कमांडर टाका, खजिनदार काकू म्हणतात आहे तोच राहू द्या. इथेच बोलून घेऊ.

बी-३०१ दादा: काका, ऑफिसमध्ये मुख्य काम म्हणजे फाइल्स इकडून तिकडे नेणं. डबल कमांडरमध्ये डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरा. एफ-५ दाबलं की कॉपी, एफ-६ दाबलं की फाइल पलीकडे. माउसला हात लावायला नको. नॉर्टन कमांडर हा असाच जुना प्रोग्राम १९८६ मध्ये आला, तेव्हापासून ही पद्धत टिकून आहे, कारण तिनं काम खरंच झटपट होतं. शिवाय फुकट आहे आणि विंडोजवरही चालतो.

खजिनदार काकू: दादा, तुझा हात बसलाय त्यावर. पण ऑफिसात मी बसते, काका बसतात, ए-१०४ पावत्या छापायला येतात. प्रत्येकानं एफ-५, एफ-६, एफ-८ पाठ करायचं का? हिशेबाची फाइल आहे त्यात, मला भीती वाटते.

बी-३०१ दादा: एफ-८ नं डिलीट करताना आधी विचारतो तो, काकू.

खजिनदार काकू: विचारतो खरं, पण घाईत माणूस वाचतो कुठे?

सी-२०२ ताई: काकूंचं मला पटतंय. आणि दादा, तुला दोनच खाने हवे असतील तर नवीन काही टाकायची गरजच नाही. सिनॅमनमध्ये, म्हणजे आपल्या मिंटच्या डेस्कटॉपमध्ये, जो फाइल मॅनेजर येतो तो नेमो. तो उघडून एफ-३ दाब, खिडकीचे दोन भाग होतात. २०१२ मध्ये ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या नॉटिलस या फाइल मॅनेजरनं ३.६ आवृत्तीत हीच दोन खान्यांची सोय काढून टाकली. लोक वैतागले. मिंटवाल्यांनी त्याआधीचा नॉटिलस घेतला आणि तो नेमो म्हणून स्वतः पुढे चालवला. म्हणजे तू जे मागतोयस ते हातचं जाऊ नये, हेही नेमो निघण्यामागचं एक कारण होतं.

बी-३०१ दादा: हे माहीत नव्हतं. टॅब आहेत का?

सी-२०२ ताई: आहेत, कंट्रोल-टी. विंडोजच्या एक्सप्लोररला टॅब मिळायला २०२२ उजाडलं!

ए-१०४ काकू: मला गणपतीच्या फोटोंचं सांगा कोणीतरी. दहा जणांच्या मोबाइलवरून आलेत, सगळ्यांची नावं आयएमजी आणि पुढे आकडे. अनंत चतुर्दशीच्या झांकीचे कुठले, आपल्या आरतीचे कुठले, काही कळत नाही. बाई, एकेक नाव बदलत बसायचं म्हणजे दिवाळी येईल.

सी-२०२ ताई: काकू, एकेक नका बदलू. झांकीचे सगळे फोटो सिलेक्ट करा आणि एफ-२ दाबा. बल्की नावाची खिडकी उघडेल. त्यात सगळ्या नावांच्या सुरुवातीला ‘२०२५-झांकी-’ एकदाच घालता येतं. बदललेली नावं आधी समोर दिसतात, बघून मगच पक्कं करा. आणि वर्ष पुढे लिहा हं, म्हणजे जुने-नवे आपोआप क्रमानं लागतात. तारीख घालायची तरी २०२५-०८-२७ अशीच, वर्ष, महिना, मग दिवस.

ए-१०४ काकू: हे फारच कामाचं आहे गं.

सी-१०५ आजोबा: माझ्या घरच्या लॅपटॉपला ४ जीबीच रॅम आहे. तिथेही नेमोच का?

सी-२०२ ताई: आजोबा, तिथे मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घाला, त्यात थुनार हा फाइल मॅनेजर येतो. हलका आहे, आणि डिसेंबर २०२२ च्या ४.१८ आवृत्तीपासून त्यातही एफ-३ नं दोन खाने होतात.

बी-३०१ दादा: आणि डॉल्फिन हा फाइल मॅनेजर? एफ-४ ला खालीच टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडतं.

सी-२०२ ताई: डॉल्फिन सुंदरच आहे, केडीई हा डेस्कटॉप असेल तर मी दुसरं काही सुचवणार नाही. पण आपल्या मशीनवर सिनॅमन आहे, डॉल्फिनसोबत केडीईचा बराच पसारा आत येईल. टर्मिनल लागतं ते तुला, काकूंना नाही. ऑफिसात तिथे रोज बसणाऱ्याच्या हाताला जे सरावाचं ते ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

बी-३०१ दादा: मान्य. घरी माझा डबल कमांडर, ऑफिसात नेमो.

सेक्रेटरी काका: मग ठरलं. नेमोच राहील. एफ-२ आणि एफ-३ मी कागदावर लिहून मॉनिटरशेजारी लावतो.

खजिनदार काकू: ताई, एक राहिलंच. पेनड्राइव्हवरून जुन्या पावत्या काढल्या, तरी जागा काही वाढेना.

सी-२०२ ताई: काकू, नुसतं डिलीट केलं की फाइल त्याच पेनड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. पेनड्राइव्ह लावलेला असतानाच कचरापेटी रिकामी करा. आधी आत काय आहे ते नक्की बघा, कारण ती सगळ्यांची एकच दिसते.

ए-१०४ काकू: आणि आरतीचा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जातच नाही. जागा भरपूर आहे.

सी-२०२ ताई: तो पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असणार. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही, कुठलाही फाइल मॅनेजर घ्या. त्यातलं सगळं आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करू. विंडोजलाही तो वाचता येतो. संध्याकाळी आरतीनंतर मी येते, तोवर त्यातलं काही काढू नका.