रात्रपाळीत कॉम्प्रेसर सर्ज मारतोय, मोठा रिसिव्हर (हवेची टाकी) लावू का?

पाळीवाला: मंडळी, आमचा तीन स्टेजचा सेंट्रीफ्युगल एअर कॉम्प्रेसर दिवसा गप्प चालतो पण रात्री हवेची मागणी पडली की धाड धाड आवाज, अँपिअर खालीवर आणि शेवटी व्हायब्रेशनवर ट्रिप. पाइपलाइन बदलताना एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लांब रिसिव्हरपाशी गेलाय, तेव्हापासून जास्तच. साहेब म्हणतात अजून एक रिसिव्हर लावा, खरंच शांत होईल का?

जुना_फिटर: रिसिव्हरचे पैसे वाचवा. इम्पेलर (कॉम्प्रेसरचं फिरणारं चाक) जेवढं प्रेशर देऊ शकतो त्यापेक्षा पुढच्या पाइपातलं जास्त झालं की हवा उलटी येते, पुढचं प्रेशर उतरलं की परत सुलटी, आणि हे चालूच राहतं, हाच सर्ज. उलटं यायला पुढे जेवढी हवा तुंबलेली तेवढा दणका मोठा. ग्राइट्झर नावाच्या संशोधकाने 1976 सालीच हे गणितात मांडलंय, पुढचं आकारमान आणि इम्पेलरचा वेग मोठा असेल तर पूर्ण सर्ज, लहान असेल तर नुसता रोटेटिंग स्टॉल (काही पात्यांपाशी हवा अडते आणि ती अडलेली जागा गोल फिरत राहते). एनआरव्ही डिस्चार्जच्या (कॉम्प्रेसरमधून हवा बाहेर पडते त्या तोंडाच्या) जवळ आणा म्हणजे उलटी येणारी हवाच कमी, आणि ब्लो-ऑफची (जादा हवा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) लाइन त्याच्या अलीकडून निघाली पाहिजे.

पाळीवाला: ब्लो-ऑफ अलीकडेच आहे, पण तो उघडतो तोवर एकदोन दणके बसतात.

कंट्रोलवाली: मग व्हॉल्व्ह सुस्त आहे, त्याची इन्स्ट्रुमेंट एअर (व्हॉल्व्ह हलवणारी हवा) आणि पोझिशनर (तो किती उघडायचा ते सांभाळतो) बघा. उघडताना झटकन आणि मिटताना सावकाश असाच हवा, उलट ट्यून केला तर हंटिंग करतो, म्हणजे सारखी उघडझाप. आणि सर्जपासून मार्जिन किती ठेवलंय? साधारण 10 टक्के ठेवतात, पण वीज वाचवायला कोणीतरी गुपचूप कमी करतं आणि भोगतो रात्रपाळीवाला. लोड कमी असेल तर आयजीव्ही (आत येणाऱ्या हवेला वळवणारी पाती) थोडे मिटवा, सर्ज लाइन (ज्या फ्लोखाली सर्ज सुरू होतो ती हद्द) कमी फ्लोकडे सरकते.

पाळीवाला: अॅक्टिव्ह कंट्रोल वगैरे ऐकलंय, ते बसवता येतं का?

जुना_फिटर: केंब्रिजमध्ये फॉक्स विल्यम्स आणि हुआंगने 1989 मध्ये टर्बोचार्जरच्या कॉम्प्रेसरला चक्क लाउडस्पीकर लावून सर्ज दाबून दाखवला होता 😄 लहर बारीक असतानाच उलट लहर देऊन मारायची. लॅबमध्ये झकास, पण तुमच्या शेडमध्ये चांगला ब्लो-ऑफच बरा. आणि परत चालू करायच्या आधी थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टचा पुढेमागे जोर झेलणारं) उघडून बघा, इतके दणके खाल्लेत त्याने.