मरिन परत आले. पण महिला हॉकी संघात पाणी नेमकं कुठं मुरतंय?

अर्धवर्तुळ

भारतीय महिला हॉकी संघाचे प्रशिक्षक म्हणून शोर्ड मरिन यांची जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा नेमणूक झाली आणि सगळीकडे ‘टोकियोचे दिवस परत येणार’ असा सूर लागलाय. ते दिवस मलाही हवेच आहेत. पण आधी मागचा हिशेब मांडू.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मरिन महिला संघाकडे आले. सप्टेंबरात त्यांना उचलून पुरुष संघाकडे पाठवलं, महिलांकडे हरेंद्रसिंग आले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुष चौथे आले आणि मे महिन्यात दोघांची पुन्हा अदलाबदल. टोकियोपर्यंत मरिन, मग यानेके शॉपमन, एप्रिल २०२४ पासून हरेंद्रसिंग, डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचा राजीनामा आणि आता परत मरिन. नऊ वर्षांत खुर्ची पाच वेळा हलली, बसणारी माणसं मात्र तीनच.

याच काळात टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, २०२२ च्या विश्वचषकात नववा, जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून ०-१ हरून पॅरिस हुकलं आणि जून २०२५ मध्ये प्रो लीगमधून (आघाडीच्या नऊ देशांची साखळी) घसरून नेशन्स कपात (तिच्या खालची स्पर्धा). मधे राजगीरला चीनला १-० हरवून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, तेही विसरून चालणार नाही. पुढं हांगझोऊच्या आशिया चषकात अंतिम सामन्यात त्याच चीनकडून १-४. तो जिंकला असता तर विश्वचषकाचं थेट तिकीट होतं. आता हैदराबादला ८ ते १४ मार्च २०२६ ची पात्रता फेरी खेळावी लागणार.

माझा प्रश्न असा: दोन महिन्यांत नवा प्रशिक्षक काय बदलू शकतो आणि काय त्याच्या हातातच नाही? ‘मुलींची जिद्द कमी पडली’ असली उत्तरं कृपया नकोत. निवड, सराव, व्यवस्थापन यातलं काय बिघडलंय ते सांगा.

चौथं_सत्र

आधी २०२४-२५ च्या प्रो लीगचा तक्ता उलगडून बघा, कारण ‘सपाटून मार खाल्ला’ हे चित्र अर्धंच खरं आहे.

१६ सामने, १० गुण, नऊ संघांत नववं स्थान. निर्धारित वेळेत विजय दोनच: भुवनेश्वरला इंग्लंडवर ३-२ आणि जर्मनीवर १-०. तीन सामने बरोबरीत सुटले, त्यातलं नेदरलँड्सविरुद्धचं शूटआउट जिंकलं, इंग्लंड आणि अर्जेंटिनाविरुद्धची हरलो. उरलेले ११ पराभव. त्या ११ पैकी निदान पाच एका गोलाच्या फरकानं. स्पेनकडून ३-४ आणि ०-१, ऑस्ट्रेलियाकडून २-३ आणि १-२, चीनकडून २-३. जूनमधल्या युरोप दौऱ्यात आठ सामन्यांतून एकच गुण आला, तोही अर्जेंटिनाविरुद्धच्या २-२ बरोबरीचा.

एका गोलानं हरणारा संघ कौशल्यात फार मागे नसतो. त्याचं गणित बाकावर चुकतं. सामन्याला १८ खेळाडू, त्यात दोन गोलरक्षक, म्हणजे मैदानी खेळाडू १६. एका १५ मिनिटांच्या सत्रात दहा जागांची मिळून १५० मिनिटं होतात. सोळाही जणींना फिरवलं तर प्रत्येकीला साधारण साडेनऊ मिनिटं येतात. शेवटच्या सत्रात सामना अटीतटीचा झाला आणि प्रशिक्षकाचा बाकावरच्या चौघींवर भरवसा नसला, तर तीच १५० मिनिटं बाराजणींत वाटली जातात. प्रत्येकीला साडेबारा. म्हणजे तीस टक्क्यांहून जास्त भार, आणि तोही ४५ मिनिटं पळून झाल्यावर. मग मधली फळी परत धावत यायला दोन पावलं उशीर करते, टॅकल मागून होतं, आणि पंचांचा हात पेनल्टी कॉर्नरकडे, म्हणजे अशा चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणाऱ्या गोलच्या संधीकडे, जातो.

फिटनेस चाचणीत सगळ्या पास होतात आणि तरी शेवटच्या दहा मिनिटांत संघ ढासळतो, याचं उत्तर इथं आहे. यो-यो चाचणीचा (वाढत्या वेगानं ये-जा पळण्याची चाचणी) आकडा एकटीचा असतो, थकवा मात्र अख्ख्या फळीला येतो. चार-पाच मिनिटांच्या पाळीनं पुढची फळी फिरवायची असेल तर सोळावी खेळाडूसुद्धा शेवटच्या क्षणी उतरवता येईल अशीच निवडावी लागते. आपल्याकडे १३ ते १६ या जागा ‘भविष्यासाठी’ म्हणून भरल्या जातात. प्रो लीगमध्ये, जिथं शेवटचा संघ खाली जातो, ते परवडत नाही.

इंजेक्टर

वरचं सगळं मान्य. पण खरी मेख पेनल्टी कॉर्नरची आहे.

रांचीत जपाननं सुरुवातीलाच कॉर्नरवर गोल केला. आपल्याला पुढं कॉर्नरमागून कॉर्नर मिळाले, एकही सत्कारणी लागला नाही, आणि त्या एका सामन्यात ऑलिंपिक गेलं. त्यानंतर कॉर्नर मारणारी दीपिका पुढं आली. राजगीरला ११ गोल, अंतिम सामन्याचा गोलही तिचाच. सगळी मदार तिच्यावर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती दुखापतीनं आशिया चषकाबाहेर गेली, गोलरक्षक सविताही नव्हती. अंतिम सामन्यात नवनीतनं पहिल्याच मिनिटाला कॉर्नरवर गोल केला खरा, पण पुढच्या ५९ मिनिटांत एकही नाही.

आता हा नियम बघा, कारण निवडीचा प्रश्न याच्याशी बांधलेला आहे. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, पण पेनल्टी कॉर्नर दिला गेला की तो संपेपर्यंत बदल बंद (बचाव करणाऱ्या गोलरक्षकाची दुखापत किंवा निलंबन एवढाच अपवाद). म्हणजे तुमची ड्रॅग फ्लिकर (कॉर्नरवर चेंडू स्टिकनं ओढून गोलकडे फेकणारी) त्या क्षणी बाकावर पाणी पीत असेल तर ती आत येऊच शकत नाही. दीपिका फॉरवर्ड आहे. फॉरवर्डला विश्रांती सगळ्यात जास्त लागते. समजा ती ६० पैकी ३८ मिनिटं मैदानात असेल, तर उरलेल्या २२ मिनिटांत मिळालेल्या कॉर्नरचं काय?

म्हणून चांगले संघ एक फ्लिकर बचावफळीत ठेवतात. बचावपटू ५०-५५ मिनिटं मैदानात असते. पूर्वी गुरजीत ते काम करायची. टोकियोत ऑस्ट्रेलियाविरुद्धचा एकमेव गोल तिचाच. आज उदिता आणि मनीषा चौहान दोघी मागं खेळतात, दोघी कॉर्नर घेतात. त्यांना ‘दीपिका नसेल तेव्हा’ असं न ठेवता दोन वेगळे संच करायला हवेत. प्रत्येक संचात स्वतःची इंजेक्टर, स्वतःची स्टॉपर, स्वतःची फ्लिकर. हे तिघींचं त्रिकूट असतं, सुटं करून चालत नाही.

का चालत नाही? गोलखांबापासून १० मीटरवरच्या खुणेवरून इंजेक्टर चेंडू ढकलते. तो डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) रेषेबाहेर जायलाच हवा, म्हणून स्टॉपर १४.६३ मीटरच्या रेषेलगत बाहेर तो मेलेला थांबवते. फ्लिकर तो स्टिकवर घेऊन आत ओढते. ढकलण्यापासून फटक्यापर्यंत साधारण दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात पहिली रशर (फटका अडवायला धावणारी बचावपटू) गोलरेषेवरून सात-आठ मीटर धावून आलेली असते. चेंडू स्टॉपरच्या स्टिकवर जरा उडाला, किंवा ठरल्या जागेपेक्षा वीतभर पुढे थांबला, की फ्लिकरची पावलं चुकतात. तिचा डावा पाय लवकर पडतो, कंबर उघडते आणि फ्लिक उजव्या बाजूला, नेमकी रशरच्या स्टिकवर जाते. आपले कितीतरी कॉर्नर असेच वाया जातात आणि दोष फ्लिकरला दिला जातो. रिप्ले बघताना एकदा फक्त स्टॉपरकडे बघा.

दुसरी गोष्ट सरावाच्या मात्रेची. ड्रॅग फ्लिक कंबरेवर, नितंबाच्या सांध्यावर आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर जबरदस्त ताण टाकते. एका सत्रात पूर्ण ताकदीच्या ३०-४० फ्लिक, आठवड्यात तीन सत्रं, मधे एक दिवस मोकळा, याच्या पलीकडे जाऊ नये. फ्लिकर एकच असली की सगळे कॉर्नर तिच्याच वाट्याला, सरावातही आणि सामन्यातही. मग ती जायबंदी होते आणि आपण ‘नशीब’ म्हणतो.

मरिन यांच्याबरोबर वेन लोम्बार्ड परत आलेत. टोकियोच्या संघाची शारीरिक तयारी त्यांच्याकडेच होती. दोन महिन्यांत होण्यासारखं काम हेच आहे: दोन त्रिकुटं पक्की करणं आणि फ्लिकर मंडळींचा भार मोजून देणं.

बालेवाडी_टर्फ

कॉर्नरचं विश्लेषण अचूक आहे. पण दुसरी फ्लिकर तयार कुठं होणार, हे कुणी बोलत नाही.

नेदरलँड्सच्या हूफ्टक्लास या वरिष्ठ क्लब लीगमध्ये १२ क्लब आणि साखळीत प्रत्येकाचे २२ सामने. तिथल्या मुलीला दर आठवड्याला दबावाखाली कॉर्नर मारायला मिळतो, चुकायलाही मिळतं. आपल्याकडे वर्षाचा मोठा भाग बंगळुरूच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रातलं शिबिर. त्याच मुली त्याच मुलींविरुद्ध खेळतात. रशर कुठून धावणार हे फ्लिकरला माहीत, फ्लिक कुठं जाणार हे गोलरक्षकाला माहीत. महिलांची हॉकी इंडिया लीग जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली हे मोठं पाऊल, पण चारच संघ आणि दोन आठवडे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रेल्वेसारखा संघ दुबळ्या राज्यांवर दहा-दहा गोल करतो. त्यातून काय शिकणार?

याचा संघातल्या वातावरणावर थेट परिणाम होतो. शिबिर हीच एकमेव शिडी असली की शिबिरातून नाव कटणं म्हणजे करिअर संपल्यासारखं वाटतं. मुली दुखणं लपवतात. ‘पाठ धरलीय’ असं सांगितलं तर जागा जाईल, ही भीती. सीनियर खेळाडू ज्युनियरला तिच्या जागेवरच्या खाचाखोचा मोकळेपणानं का सांगेल? क्लब हॉकी असेल तर शिबिराबाहेर पडलेली खेळाडू तिथं गोल करून परत दार ठोठावू शकते. राणी रामपालसारख्या खेळाडूच्या बाबतीतही संघात आहे की नाही, नसेल तर का, यावर चाहत्यांना कित्येक महिने स्पष्टता नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती निवृत्त झाली, एप्रिल २०२५ मध्ये ३२० सामने खेळलेली वंदना कटारियाही. दोघींचा अनुभव आज फॉरवर्ड मुलींना शिकवायला वापरला पाहिजे.

आपल्या राज्यापुरतं बोलायचं तर फलटण भागातल्या वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ क्रीडा प्रबोधिनीतून राष्ट्रीय संघात पोहोचल्या. हे प्रबोधिनीचं यश नक्कीच. पण त्यांच्या मागं येणाऱ्या मुलींना वर्षातून टर्फवरचे अटीतटीचे किती सामने मिळतात ते मोजा. राज्य संघटनेनं बालेवाडी आणि पिंपरीच्या नेहरूनगरच्या टर्फवर सहा संघांची, दुहेरी साखळीची लीग घेतली तर प्रत्येकीला दहा सामने मिळतात. आठवड्याला दोन सामने धरले तर पाच आठवडे. मैदानं आहेत, मुली आहेत, पंच घडवावे लागतील.

सविताची_पंखी

एका मुद्द्यावर माझा विरोध नोंदवते. ‘१३ ते १६ जागा भविष्यासाठी भरू नका’ हे ऐकायला बरं वाटतं, पण सलिमा, नवनीत या मुलीही कधीतरी तेराव्या-चौदाव्याच होत्या. हरेंद्रसिंग यांनी तरुण मुलींना प्रो लीगमध्ये उतरवलं, ते गैर नव्हतं. युरोप दौऱ्यातले आठही सामने तीन आठवड्यांच्या आत, तीन शहरांत खेळताना त्यांच्याभोवती अनुभवी खेळाडू कमी ठेवल्या, ती चूक. नवी बचावपटू उतरवायची असेल तर तिच्या शेजारी आणि तिच्या मागं, म्हणजे गोलमध्ये, बोलणारी खेळाडू हवी. सविता हे काम वर्षानुवर्षं करत आली. बिचू देवी आणि बन्सारी सोळंकी चेंडू छान अडवतात; डीमधल्या बचावाला मोठ्या आवाजात जागेवर लावणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते फक्त सामन्यांतून येतं.

आणि व्यवस्थापनाबद्दल. शॉपमन यांनी जाताना महिला प्रशिक्षक म्हणून आपल्याला मान आणि किंमत मिळाली नाही, असं उघडपणे सांगितलं होतं. हॉकी इंडियानं ते नाकारलं. हरेंद्रसिंग यांच्या राजीनाम्याचं जाहीर कारण वैयक्तिक आहे, त्यावर तर्क लढवू नयेत. पण दोन प्रशिक्षक ऑलिंपिक चक्राच्या मधेच जातात, तर जाताना त्यांच्याकडून सविस्तर लेखी अहवाल घेतला जातो का, आणि तो पुढच्या माणसाच्या हातात पडतो का, एवढं तरी संघटनेनं सांगावं.

चौथं_सत्र

विरोध रास्त आहे, माझं वाक्य सुधारतो. नव्या मुली हव्यातच, पण एका सामन्यात दोन, फार तर तीन. आणि त्यांना चौथ्या सत्रात बसवून ठेवायचं असेल तर उतरवण्यात अर्थ नाही.

अर्धवर्तुळ

सगळ्यांचे आभार, हवं होतं त्याहून जास्त मिळालं. हैदराबादला सामना बघताना नेमकं कशाकडे लक्ष ठेवायचं, तेवढं सांगाल का?

इंजेक्टर

तीन गोष्टी. पहिलं, दीपिका खेळत असेल तर ती बाहेर जाते त्याच वेळी दुसरी फ्लिकर मैदानात आहे का. दोघी एकदम बाकावर दिसल्या तर नियोजन झालेलं नाही. दुसरं, इंजेक्टर-स्टॉपरची जोडी सामन्यागणिक बदलते की तीच राहते. तिसरं आपल्या बचावाचं: पहिली रशर कोण आणि ती सलग किती कॉर्नरला धावते. सुरक्षेचा मुखवटा, गुडघ्याचं पॅड आणि हातमोजे घालून पूर्ण वेगानं फ्लिकवर धावणं हे मैदानातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे, आणि तीन सलग कॉर्नर झाले की तिचा वेग उतरतो. तिच्या जागी कुणाला पाठवायचं हे आधी ठरलेलं असेल तर खूण न करता बदल होतो. ठरलेलं नसेल तर कॉर्नरपूर्वीच्या चाळीस सेकंदांत पाचही जणी एकमेकींकडे बघत राहतात; टीव्हीवर ते स्वच्छ दिसतं.