मे महिन्यात सांगलीत छोट्या सिनेमाला एक तरी खेळ मिळेल का?

वाइंडिंगवाला_सांगली

माझं माधवनगर रोडला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचं, दुकान आहे. एप्रिल-मे आमचा सीझन. विहिरींचं पाणी खाली जातं, व्होल्टेज पडतं आणि मोटारी कोरड्या चालून जळतात. सकाळी सातला कॉइल भरायला बसतो तो रात्री साडेआठला उठतो. मग आंघोळ करून रात्रीचा शेवटचा खेळ. हा नेम गेली तीस वर्षं आहे, लग्न झालं तेव्हाही मोडला नाही.

आधीच सांगतो, मला मोठे सिनेमे मनापासून आवडतात. बाहुबलीचा दुसरा भाग २८ एप्रिल २०१७ ला आला, त्या दिवशी मी दुपारी चारलाच शटर ओढलं आणि दोन्ही कारागिरांना घेऊन गेलो. २०१९ च्या एप्रिलअखेर अॅव्हेंजर्स एंडगेम लागला तेव्हा भाच्याने आधी तीन रात्री बसवून मागच्या सगळ्या गोष्टी समजावून सांगितल्या होत्या. तीन तासांचा सिनेमा, पण एकही माणूस मध्येच उठला नाही. शिट्ट्या, ओरडा, शेजारच्या अनोळखी माणसाने मांडीवर मारलेली थाप, हे सगळं मला हवं असतं. उन्हाळ्यात दिवसभर वार्निशचा वास डोक्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाला अशा रात्रीची गरज असते.

पण मला दुसरा सिनेमाही तेवढाच हवा आहे आणि तो सांगलीत येत नाही. साबर बोंडं या मराठी सिनेमाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे लागला, तर मी तो पाहायला पुण्याला गेलो. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवलेला पायल कपाडियांचा ऑल वी इमॅजिन अॅज लाइटही पुण्यातच पाहिला. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर, दुकानाचा एक दिवस बुडाला, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच.

साबर बोंडंमध्ये मुंबईचा मुलगा वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी येतो. माझे वडील गेले तेव्हाचे दहा दिवस मला त्यात दिसले. माणसं येतात, तेच तेच बोलतात, चहा होतो, आणि मध्ये जी शांतता पडते तिचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. थिएटरात आम्ही वीसेक जण असू. कुणीतरी खोकलं तर सगळ्यांना कळेल अशी शांतता होती.

आणि एकदा इथल्याच एका थिएटरात छोटा मराठी सिनेमा लागला होता. दिवसाला एकच खेळ, तोही सकाळी पावणेदहाचा. कारागिरावर दुकान सोडून गेलो. काउंटरवर म्हणाले, किमान पाच तिकिटं गेली तरच लावू. आम्ही तिघं होतो. मी म्हटलं, पाचाचे पैसे मी एकटा भरतो. तरी नाही म्हणाले. ते तिथून परत येणं मला अजून लागतं.

तर प्रश्न असा, की अशा सिनेमाला सांगलीत, तेही एप्रिल-मेमध्ये, माणसांना जाता येईल अशा वेळेचा एक खेळ मिळवायचा असेल तर काय करावं? कुणी केलं आहे का?

द्राक्षबाग_तासगाव

दादा, तुमची तळमळ पोचली. पण मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आमच्या घरी फेब्रुवारीपासून बेदाण्याच्या शेडवर काम असतं, मग एप्रिलमध्ये द्राक्षबागेची खरड छाटणी. ती उरकली की वर्षातून एकदा आई सिनेमाला येते. एकदाच. त्या दिवशी तिला मोठा पडदा, गार हवा, गाणी आणि शेवटी वाईट माणसाचा पराभव हवा असतो. तिला मी दोन तास शांतता दाखवायला कशी नेऊ?

दुसरं म्हणजे, महोत्सवातल्या सिनेमांबद्दल माझी खरी तक्रार आहे. मी पुण्यात शिकत असताना पिफला, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, दोन वर्षं गेले. गावावरचे सिनेमे बघितले. शेतकरी दिसला की तो कर्जात असतो आणि त्याच्या गळ्याशी दोर असतो. आमच्या भागात तसं घडतं, ते दाखवायलाच हवं. पण माझे वडील छाटणी झाल्यावर काडीवरचे डोळे म्हणजे कोंब मोजतात, फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढताना बायकांशी गाणी म्हणतात, व्यापारी भाव पाडायला लागला की त्याला तासभर बोलण्यात अडकवतात. हा हुशार माणूस मला एकाही सिनेमात भेटला नाही. तो सिनेमा आला तर मी आईला उचलून घेऊन येईन.

केबिन_कराड

मी कराडला थिएटरच्या केबिनमध्ये एकोणीस वर्षं काम करतो. रिळांपासून सुरुवात केली, आता सिनेमा सर्व्हरवरून, म्हणजे संगणकावरून, चालतो. काका, तुमच्या प्रश्नाची आतली बाजू सांगतो.

मोठा सिनेमा लागतो तेव्हा वितरकाची अट असते की एक पडदा असेल तर चारही खेळ त्यालाच द्यायचे. नाही म्हटलं तर सिनेमाच मिळत नाही, आणि एप्रिल-मेचा सिनेमा गेला तर वर्षाचं वीजबिल निघत नाही. शाळा-कॉलेजच्या परीक्षा संपलेल्या असतात, पण रोज संध्याकाळी आयपीएल. २००८ पासून आमचा संध्याकाळचा खेळ जवळपास दरवर्षी तिच्याशी झुंजतो. म्हणून मालक जोखीम घेत नाहीत. छोटा सिनेमा शुक्रवारी लागतो, सोमवारी दुपारी आकडे बघतात आणि मंगळवारी तो उतरलेला असतो. त्याची बातमी तोंडातोंडी पसरायला जे आठ-दहा दिवस लागतात ते त्याला कुणी देत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती प्रेक्षकांना माहीत नसते. आवाजाच्या यंत्रावर मूळ आकडा ७ असतो. सिनेमाचा आवाज त्या आकड्याला धरून बनवलेला असतो. पण मोठे सिनेमे इतके कडक आवाजाचे असतात की लोक कान झाकतात, मग आम्ही तो साडेचार-पाचवर आणतो. पुढच्या शुक्रवारी छोटा सिनेमा येतो आणि आकडा तसाच राहतो. त्यातली कुजबूज, लांबचं कुत्रं, पंख्याची घरघर काही ऐकूच येत नाही. लोक म्हणतात, सिनेमा संथ आहे. निम्मा सिनेमा तर त्यांच्या कानापर्यंत गेलेलाच नसतो. मी माझ्या केबिनमध्ये दर शुक्रवारी पहिल्या खेळाआधी खाली जाऊन मधल्या रांगेत बसून ऐकतो आणि मग आकडा ठरवतो. प्रत्येक ठिकाणी एवढं झालं तरी फरक पडेल.

वाइंडिंगवाला_सांगली

केबिनभाऊ, हे आवाजाचं मला खरंच माहीत नव्हतं. त्या सकाळच्या खेळाची वेळ, उतरवलेला आवाज आणि सोमवारचे आकडे, सगळं एकात एक अडकलेलं आहे हे आत्ता कळलं.

ताई, तुमच्या आईंबद्दल. राग कसला? मोठा सिनेमा हा त्यांच्या हक्काचा आहे. पण त्या शांत बसणार नाहीत असं तुम्ही धरून चाललाय, ते मला पटत नाही. सैराट आठवा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला आणि २९ एप्रिलला आपल्याकडे लागला. म्हणजे महोत्सवाचाही सिनेमा आणि उन्हाळ्याचाही. मी तो सांगलीत तीनदा पाहिला. पोरं पडद्यासमोर जाऊन नाचत होती, नाणी उधळत होती. आणि शेवटी जेव्हा सगळा आवाज बंद होतो, ते छोटं मूल आणि त्याच्या पायाचे ठसे, तेव्हा तेच थिएटर, तीच पोरं, साडेतीन-चारशे माणसं, एक आवाज नाही. दिवे लागले तरी लोक उठेनात. माझ्या पुढच्या रांगेत साठीच्या बाई होत्या, पदर तोंडात धरून बसलेल्या. त्यांना कुणी जागतिक सिनेमा शिकवला नव्हता.

सांगलीच्या प्रेक्षकाला समजत नाही, हे मला कुणी सांगू नये. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर याच गावात उभं केलं. तेव्हाही असलं काही आधी कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि लोक आले.

शेतकऱ्याच्या तक्रारीवर मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडे जळकी मोटार घेऊन येणारा शेतकरी मला आवाजावरून सांगतो की बेअरिंग गेलंय की वाइंडिंग. हा माणूस पडद्यावर यायला हवा.

विटेकर_पुण्यात

काका, हे एवढे हेलपाटे कशाला? द डिसायपल हा मराठी सिनेमा २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. मी हॉस्टेलवर मोबाईलवर बघितला. व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळालेला सिनेमा विट्यात आजीच्या घरीसुद्धा बघता येतो, ही केवढी मोठी सोय आहे. थिएटरचा आग्रह आमच्या वयाच्या पोरांना नाही. मोठा, मारामारीचा सिनेमा असेल तर थिएटर, बाकी सगळं मोबाईल, असं आमचं सरळ आहे.

वाइंडिंगवाला_सांगली

विटेकर, सोय आहे हे मान्य. माझ्याही फोनवर आहे आणि तो सिनेमा मीही तिथेच पाहिला. पण तुमची वाटणी मला बरोबर उलटी वाटते. कशी ते सांगतो.

मोठा सिनेमा माणसाला दंडाला धरून ओढत नेतो. मध्ये फोन आला, गिऱ्हाईक आलं, तरी परत आलं की धागा सापडतो. बसमध्ये शेजारच्याच्या मोबाईलवर आवाजाशिवायसुद्धा मला त्याची मारामारी कळते. छोटा सिनेमा तसा ओढत नाही. तो बसून असतो आणि आपण त्याच्याजवळ बसावं लागतं. द डिसायपलमध्ये नायक रात्री मोटरसायकलवरून हळूहळू जात असतो आणि कानात गुरूंच्या गुरूंचा आवाज चालू असतो. घरी मी त्या जागी दोनदा थांबवून मेसेज बघितले. सिनेमात काही घडत नाही असं मला त्या वेळी वाटलं. नंतर लक्षात आलं की घडत होतं, मीच तिथे नव्हतो. थिएटरात मला उठता आलं नसतं, थांबवता आलं नसतं, आणि तो रस्ता पडदाभर पसरला असता. गाण्याची तालीम करणाऱ्या माणसाचं आयुष्य असंच रेंगाळत जातं, हे मला तिथे बसूनच कळलं असतं.

किल्ला सिनेमा बर्लिनला बक्षीस मिळवून २०१५ च्या जूनअखेरीला लागला होता. बाहेर पाऊस, पडद्यावर कोकणातला पाऊस. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, सिनेमातल्या मुलाएवढाच. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही आणि रात्री म्हणाला, आपली बदली होणार नाही ना? मोबाईलवर पाहिला असता तर हा प्रश्न त्याने विचारला असता का? मला तसं वाटत नाही. म्हणून मी हट्ट धरून बसलोय.

केबिन_कराड

काका, आता उपायाचं बोलू. सिनेमाची प्रत आम्हाला कुलूप लावून येते. ती उघडायची किल्ली ठरावीक तारखांची आणि आमच्याच सर्व्हरपुरती असते. त्यामुळे मॅनेजरला नुसतं सांगून काही होत नाही, वितरकाने किल्ली पाठवावी लागते. पण वितरकाला आणि मॅनेजरला दोघांनाही एक गोष्ट चालते, ती म्हणजे आधीच भरलेली तिकिटं. मंगळवार किंवा बुधवार रात्रीचा एक खेळ निवडा. मोठा सिनेमा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेला की त्या खेळांना खुर्च्या रिकाम्याच असतात आणि अटही सैल झालेली असते. चाळीस माणसांची यादी आणि पैसे घेऊन मॅनेजरला भेटा, दहा दिवस आधी. सकाळी पावणेदहाला मिळालेलं उत्तर तेव्हा मिळणार नाही. आम्ही कराडला एकदा असं केलं. बेचाळीस तिकिटं आधी गेली होती, ऐन वेळी दारावर आणखी अठरा माणसं आली.

आणि आवाजाचा आकडा विचारायला विसरू नका.

वाइंडिंगवाला_सांगली

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन आलो. मॅनेजर नवीन आहेत, नीट बोलले. बुधवार, रात्री साडेनऊ, चाळीस तिकिटं, अर्धे पैसे आधी. सिनेमा कोणता ते वितरकाशी बोलून सोमवारपर्यंत सांगतात. आवाजाच्या आकड्याचं विचारलं तर आधी माझ्याकडे बघतच राहिले, मग केबिनमधल्या मुलाला बोलावून घेतलं.

दुकानाच्या पाटीखाली वही लावली आहे. मोटार न्यायला आलेल्या माणसांनी नावं लिहिली आहेत. कवठेमहांकाळचे दोघं, मिरजेतले एक सतारीचे कारागीर, आमचे दोन्ही कारागीर, भाचा, बायको. संध्याकाळपर्यंत तेवीस झाली. सतरा हवीत. इथे कुणी असेल तर खाली नाव टाका, पैसे त्या दिवशी दिले तरी चालतील.

द्राक्षबाग_तासगाव

माझं आणि आईचं धरा. खेळ सुटल्यावर तासगावला परत यायला गाडी मिळणार नाही, त्याचं काहीतरी बघा.

वाइंडिंगवाला_सांगली

दुकानाचा छोटा हत्ती आहे, मोटारी आणायचा. पुढे तुम्ही दोघी बसा, मी सोडतो. पंचवीस झाली.