शब्द तोच, अर्थ भलताच – तुमचेही किस्से येऊद्या

परवा सुरतला नणंदेकडे गेलो होतो, जिन्यात शेजारच्या बेन ह्यांना विचारतात "तमे नवरा छो?" हे आपले छाती काढून "हो, हिचाच!" गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, मोकळा. त्यांना सिलिंडर वर चढवायला माणूस हवा होता. चढवला मग, दोन मजले. तर असलं काही घडलं असेल तर लिहा. फक्त हिंदीतलं शिक्षा नि चेष्टा नको, ते ऐकून कान किटलेत.

*

चेन्नईत पहिलाच आठवडा. सकाळी सहाला घरमालकीणबाई दार वाजवून "पाल! पाल!" मी जी कॉटवर उभी राहिले ती ट्यूबलाईटच्या मागे, पडद्यावर सगळीकडे बघतेय आणि त्या बिचाऱ्या दुधाची पिशवी हातात घेऊन दारात. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. आपल्या पालीला ते पल्ली म्हणतात.

*

ओसाका स्टेशनवर गर्दीत हे पुढे गेले म्हणून मी जोरात "अहो! अहो!!" चारपाच जपानी माणसं वळून बघायला लागली. तिकडे अहो म्हणजे मूर्ख, बावळट. ह्यांचं म्हणणं, तू घरीही त्याच सुरात म्हणतेस.

*

ताई, जपानीत उमा म्हणजे घोडा. आमच्या वहिनीचं नाव उमा. अजून सांगितलेलं नाही.

*

दार-ए-सलामच्या मार्केटमध्ये मी थोरल्या भावाला "दादा, दादा" करतोय आणि फळवाली "काय पाहिजे?" म्हणून माझ्याकडे. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. वर मला म्हणाली काका. वय सव्वीस हो माझं! नंतर कळलं, काका म्हणजे भाऊ.

*

माझं घरचंच. आजी पाव खायची नाही, पायाने मळतात म्हणून पाव, असं तिच्या डोक्यात पक्कं. ब्रेडचा पाव पोर्तुगीजांकडून आलेला, पाव किलोतला पाव संस्कृत पादावरून म्हणजे चौथा हिस्सा, दोघांचा काही संबंध नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं. "बरं" म्हणाली आणि भाकरी घेतली.

*

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, इस्रायलमध्ये डिमोनात असतो, घरात मराठीच. हिब्रूत मी म्हणजे कोण. आजी नवीन आली होती तेव्हा शेजारणीकडे वाटी परत द्यायला गेली. दार वाजवलं, आतून आवाज आला "मी?" आजी बाहेरून "नाही, मी!" आतून परत "मी?" आजी वाटी पायरीवर ठेवून घरी आली, म्हणे बाई जरा भ्रमिष्ट दिसते.