इलेक्ट्रिक गाडीचा खरा खर्च किती? शोरूमवाले म्हणतात किलोमीटरला एक रुपया, माझा हिशोब जुळत नाहीये

वाकडचा_चिपळूणकर

नमस्कार मंडळी, गाडी बदलायची आहे. सध्या दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, क्लच आणि सस्पेन्शनचं काम निघालंय आणि आता तिच्यावर अजून पैसे घालायची इच्छा नाही. राहतो वाकडला सोसायटीत, ऑफिस हिंजवडी फेज ३, बायकोला औंधला सोडतो, सगळं मिळून महिन्याला साधारण १२०० किमी होतात. शिवाय आईबाबा चिपळूणजवळ गावी असतात, दीड-दोन महिन्यांनी तिकडे जाणं असतंच, कराड-पाटण-कोयनानगर करून कुंभार्ली घाटाने, एका बाजूचे अडीचशे किमी धरा.

शोरूममध्ये गेलो तर पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही ऑन रोड साडेअकरा लाख आणि त्याच मापाची इलेक्ट्रिक पंधरा लाख सांगितली. म्हणजे साडेतीन लाखांचा फरक. तो सेल्समन म्हणतो की सर किलोमीटरला एक रुपया खर्च, तीन वर्षांत फरक वसूल. पण मी घरचं लाइट बिल बघितलं तर एक रुपयाचं गणित कुठूनच बसत नाही. सोसायटीत अजून एकाकडेही इलेक्ट्रिक गाडी नाही, कमिटी म्हणते पार्किंगमध्ये पॉइंट देता येणार नाही, आगीची भीती. ज्यांनी गाडी घेऊन दोन-तीन वर्षं वापरली आहे त्यांनी विमा, टायर, रिसेल सगळं धरून खरं काय ते सांगा. पर्यावरणाची मला खरंच काळजी आहे, मुलगी पाच वर्षांची आहे आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमधला धूर रोज खातो आम्ही, पण कर्ज काढून गाडी घ्यायची तर आकडे आधी समजले पाहिजेत.

फेज_न्यूट्रल

दादा, तुमची शंका बरोबर आहे. एक रुपया किमी हे गणित स्वस्तातला युनिट धरून आणि कंपनीची कागदावरची रेंज (एकदा फुल चार्ज केल्यावर गाडी किती किमी जाते) धरून केलेलं असतं. मी वायरिंगची कामं घेतो, गेल्या काही वर्षांत बरेच चार्जिंग पॉइंट टाकलेत, त्यामुळे माझ्या पद्धतीने सांगतो.

शहरात एसी लावून, ट्रॅफिकमध्ये या मापाची गाडी युनिटला सात किमी देते असं धरा. १२०० किमीला १७१ युनिट. पण भिंतीतून घेतलेलं सगळं बॅटरीत जात नाही, चार्जर गरम होतो, दहा-बारा टक्के वाटेतच जातात, म्हणजे मीटरवर १९० युनिट पडणार. आता महत्त्वाचं. महावितरणचे स्लॅब आहेत, पहिले १००, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्याच्या वर. तुमचं घर आधीच १७० युनिट खात असेल तर स्वस्तातले १०० फ्रिज आणि पंख्यातच संपले, गाडीचा प्रत्येक युनिट वरच्या स्लॅबमधून येणार. १०० ते ३०० मधला युनिट वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवून साधारण तेरा-चौदा रुपयांना धरा, ३०० च्या वर गेलात की अठराच्या आसपास. तुमचे १३० युनिट मधल्या स्लॅबमध्ये, ६० त्याच्या वरच्या. म्हणजे साधारण २८०० रुपये महिना, किमीला सव्वादोन ते अडीच रुपये. पेट्रोलपेक्षा खूपच कमी, पण एक रुपया नाही.

हे कमी करायचं असेल तर घरच्या मीटरवरून वायर न ओढता पार्किंगसाठी वेगळं मीटर घ्या, ईव्ही चार्जिंगची वेगळी वर्गवारी आहे, तिला स्लॅब नाही. स्थिर आकार वगैरे धरून युनिट दहा रुपये पकडला तरी १९०० रुपयांत काम होतं.

अजून एक, ७.२ किलोवॅटचा मोठा चार्जर लागतोच असं कोणी सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. तुम्हाला रोज सहा-सात युनिट हवेत, साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने दोन तासांत भरतात. रात्री आठ तास लावून ठेवली तर दीडशे किमीच्या वर मिळतात. मोठ्या चार्जरसाठी मंजूर भार वाढवावा लागतो, जाड केबल लागते, स्थिर आकारही वाढू शकतो. पण सॉकेट छोटा असला तरी वायर तांब्याची आणि योग्य जाडीची, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की बंद पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग एकदम चोख पाहिजे. त्यात पैसे वाचवू नका. मीटर रूमपासून तुमचं पार्किंग किती लांब आहे त्यावर खर्च ठरतो, केबलचाच खर्च सगळ्यात मोठा.

करवीरची_गाडी

माझ्याकडे तीन वर्षं झाली इलेक्ट्रिक आहे, कोल्हापूरला स्वतःचं घर, गच्चीवर ३ किलोवॅट सोलर (पीएम सूर्यघरमधून ७८ हजार सबसिडी मिळाली), त्यामुळे माझा चालवायचा खर्च तुमच्याशी लावून बघू नका, माझी परिस्थिती वेगळी आहे. बाकीचं सांगते जे शोरूममध्ये कोणी बोलत नाही.

विमा. थर्ड पार्टीचे (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्याचे) दर पेट्रोलला सीसीवर असतात आणि इलेक्ट्रिकला मोटरच्या किलोवॅटवर. २०२२ च्या अधिसूचनेत १००० ते १५०० सीसी पेट्रोलला ३४१६ रुपये आहेत, इलेक्ट्रिकला ३० ते ६५ किलोवॅटमध्ये २९०४ पण ६५ च्या वर गेलं की एकदम ६७१२. आणि या मापाच्या बऱ्याच इलेक्ट्रिक एसयूव्ही ९०-१०० किलोवॅटच्या आहेत! त्यात गाडीची किंमत जास्त म्हणून ओन डॅमेजही (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) जास्त, आणि बॅटरीचं संरक्षण देणारं ॲड-ऑन घ्यायलाच पाहिजे कारण खालून दगड लागून पॅकचं कव्हर चेपलं तर बिल छोटं नसतं. कोकणात पावसाळ्यात जाणार असाल तर हे अजिबात टाळू नका.

टायर लवकर झिजतात, गाडी जड आणि टॉर्क दणदणीत, सिग्नल सुटल्यावर पाय जरा हलका ठेवा. ब्रेक पॅड मात्र खूप टिकतात कारण रीजनवरच (पाय काढला की मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी थोडी भरते) गाडी थांबते. सर्व्हिसिंग खरंच स्वस्त, ऑइल नाही, फिल्टर म्हणजे फक्त एसीचा.

चिपळूणचं म्हणाल तर हायवेला १००-११० ने गेलात की रेंज धाडकन पडते, ८०-८५ ने गेलात तर शांतपणे जाता येतं. चढाला घाट टक्के खातो, उतारावर थोडे परत येतात पण सगळे नाहीत. परतीला चिपळूणहून निघाल्या निघाल्या कुंभार्ली चढायचाय हे लक्षात ठेवून गावाहून बॅटरी भरूनच निघायचं. सातारा-कराड पट्ट्यात चार्जर आहेत पण एका चार्जरच्या भरवशावर कधीच निघू नका, गन बंद असते, कधी कोणी लावून जेवायला गेलेलं असतं, प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं आणि प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये थोडे पैसे पडून. दुसरा पर्याय आधीच हेरून ठेवायचा.

आणि टोल माफीचं ऐकलं असेल तर नीट ऐका, ती माफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे हा राष्ट्रीय महामार्ग, तिथे फास्टॅगमधून पैसे जाणारच.

वाकडचा_चिपळूणकर

ताई, विम्याचं तर मला कोणीच सांगितलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. फेज_न्यूट्रल भाऊ, गावच्या घरी चार्जिंग होईल का? जुनं कौलारू घर आहे, आईबाबा दोघंच, बिल ६०-७० युनिटच्या वर जात नाही.

फेज_न्यूट्रल

होईल, आणि तिथे युनिट पहिल्या स्लॅबमधला म्हणजे सगळ्यात स्वस्त पडेल. पण जुन्या घरात दोन गोष्टी आधी बघा. मंजूर भार बहुतेक एक-दोन किलोवॅटच असेल, तो वाढवून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. दुसरं अर्थिंग. गाडीबरोबरचा पोर्टेबल चार्जर अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा दाखवून चार्जिंगच सुरू करत नाही, आणि ते बरोबरच आहे. अर्थिंगचा नवीन खड्डा करून घ्या, आईबाबांच्या सुरक्षिततेसाठीही ते हवंच, गाडी घ्या किंवा नका घेऊ. व्होल्टेज संध्याकाळी पडत असेल तर रात्री अकरानंतर लावा.

आकडेमोड

मी बँकेत वाहन कर्जाच्या डेस्कवर होतो, त्यामुळे सहा वर्षांचा पूर्ण हिशोब मांडतो. फक्त रोजचं १२०० किमी धरलंय, म्हणजे सहा वर्षांत ८६,४०० किमी. गावची ये-जा वेगळी.

पेट्रोल १०४ रुपये धरा, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये १५ चं ॲव्हरेज, किमीला ६.९० च्या वर, सहा वर्षांत सहा लाख. इलेक्ट्रिक घरच्या मीटरवर २.४० ने दोन लाख सात हजार. वाचले ३ लाख ९० हजार. आता वजा करत जा. गाडीच्या किमतीतला फरक साडेतीन लाख. तो फरक तुम्ही कर्जातूनच देणार, ९ टक्क्यांनी पाच वर्षं, त्यावरचं व्याज ८५ हजारांच्या पुढे. विमा वर्षाला पाच हजार जास्त धरा, तीस हजार. सर्व्हिसिंगमध्ये पंचवीसेक हजार वाचतील. गोळाबेरीज केली तर तुम्ही साधारण पन्नास हजार मायनसमध्ये. वेगळं मीटर घेतलंत तर वीस-पंचवीस हजार प्लसमध्ये, पण त्यातून केबलचा खर्च वजा करा. म्हणजे बरोबरी. तीन वर्षांत वसूल हे तुमच्या रनिंगला शक्यच नाही. महिना २००० किमी असते तर चित्र पूर्ण उलटं होतं, दोन लाखांच्या आसपास खिशात राहिले असते.

सोसायटीने पॉइंट दिलाच नाही आणि बाहेरच्या डीसी (सार्वजनिक फास्ट) चार्जरवर अवलंबून राहिलात तर युनिट १८ टक्के जीएसटीसकट बावीस-तेवीसला जातो, किमीला सव्वातीन. मग तुम्ही लाखभराच्या वर तोट्यात, आणि दर आठवड्याला तासभर चार्जरपाशी बसणं वेगळं. अशा वेळी सीएनजी बघा. ९० रुपये किलो धरा, २३ चं ॲव्हरेज, किमीला चार रुपयांच्या आत, आणि गाडी पेट्रोलपेक्षा नव्वद हजार-लाखभरानेच महाग. निव्वळ रुपयांत तुमच्या रनिंगला आज सीएनजीच जिंकते, हे कोणाला आवडो न आवडो. डिकी जाते आणि पंपावर रांग असते, ते तुमचं तुम्ही ठरवा.

फरक वाढला कशामुळे तेही सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आधी सेस धरून २९ होता. इलेक्ट्रिकला ५ टक्केच राहिला, त्यामुळे पेट्रोल स्वस्त झाली आणि इलेक्ट्रिक होती तिथेच. रस्ता कर इलेक्ट्रिकला माफ आहे, पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्याच्या वर २० लाखांपर्यंत १२, तो तुमच्या ऑन रोड आकड्यात आलेलाच आहे, परत वजा करू नका. आणि कोणी आयकराच्या ८०ईईबी कलमाखाली कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची सूट मिळते म्हणालं तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजना आहेत, २०२४ मध्ये एमजीने विंडसर आणली तेव्हा किमीला साडेतीन रुपये भाडं होतं. त्यात वीज मिळवा, जवळपास सहा रुपये होतात. गाडी शोरूममध्ये स्वस्त दिसते आणि पैसे हळूहळू जातात.

आता रिसेल, जो मी वर धरलाच नाही आणि सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. बाजारात इलेक्ट्रिकचा भाव पेट्रोलपेक्षा जोरात पडतो. नवीन मॉडेल जास्त रेंज घेऊन येतं की जुन्याला गिऱ्हाईक मिळत नाही, वर बॅटरीची भीती. सहा वर्षांनी विकायचा विचार असेल तर नवीन इलेक्ट्रिक घेऊ नका. दहा वर्षं वापरणार असाल, जशी आत्ताची वापरली, तर मात्र नक्की विचार करा, कारण शेवटची पाच वर्षं कर्ज नसतं आणि बचत पूर्ण तुमची.

नाशिकरोड_सेक्रेटरी

कमिटीबद्दल. आमच्याकडेही हाच विरोध होता. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये चार्जिंगच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्याची प्रत आणि लायसन्सधारक वायरमनचा आराखडा घेऊन लेखी अर्ज द्या, तोंडी विचारू नका. खर्च माझा, मीटर माझ्या नावावर, विमा आणि देखभाल माझी, असं हमीपत्र जोडा. आगीची भीती खोटी नाही, लोकांनी बातम्या पाहिलेल्या असतात, त्यामुळे वाद न घालता एमसीबी-आरसीसीबी कुठे बसणार, अग्निशामक सिलिंडर कुठे असणार हे कागदावर दाखवा. आमच्याकडे एकाला परवानगी मिळाली आणि मग बाकीचे आपोआप आले. पण परवानगी हातात आल्याशिवाय बुकिंग करू नका, ही विनंती.

करवीरची_गाडी

आकडेमोड यांचं रिसेलचं बरोबर आहे, पण त्याचीच दुसरी बाजू बघा ना. भाव पडतो तर पडलेल्या भावाला घ्या! दोन-तीन वर्षं जुनी, तीस हजार किमी चाललेली घेतली तर ते साडेतीन लाख पहिल्या मालकाने सोसलेले असतात आणि बॅटरीची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी पाच-सहा वर्षं शिल्लक असते. फक्त ती तुमच्या नावावर होते का हे लेखी घ्या. काही कंपन्या आयुष्यभराची वॉरंटी म्हणतात ती पहिल्या मालकापुरती असते, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी हेल्थचा (मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली त्याचा) रिपोर्ट काढून घ्या आणि गाडी रॅम्पवर चढवून पॅकचं खालचं कव्हर स्वतः बघा.

वाकडचा_चिपळूणकर

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, खूप बरं वाटलं. बायकोशी बोललो, असं ठरवतोय की आधी कमिटीला लेखी अर्ज, सोबत वायरमनकडून मीटर रूम ते पार्किंग अंतर मोजून घेतो. परवानगी मिळाली तर जुनी इलेक्ट्रिक बघायची आणि दहा वर्षं वापरायची, नाही मिळाली तर सीएनजी. आणि गावचं अर्थिंग पुढच्या फेरीलाच करून घेतो. जुनी गाडी बघताना रिपोर्टमध्ये बॅटरी हेल्थ किती टक्क्यांच्या खाली असेल तर सोडून द्यायची?

करवीरची_गाडी

वॉरंटी साधारण ७०-८० टक्क्यांच्या खाली गेल्यावर लागू होते, कंपनीप्रमाणे बदलतं, पुस्तिकेत बघा. तीन वर्षांच्या गाडीला नव्वदच्या खाली दिसलं तर मी तरी हात लावणार नाही. रोज डीसी फास्टवरच चार्ज केलेली, टॅक्सीला चाललेली असेल तर तीही सोडा. चार्जिंगची हिस्टरी मालकाच्या ॲपमध्ये असते, समोर बसून उघडायला सांगा.