मदत हवी आहे: फोमच्या चिलखताचे खांदे मुलांच्या मानेत घुसतात

८ ते १० वर्षांच्या मुलांसाठी मध्ययुगीन युरोपीय धाटणीची चिलखतं करायची आहेत, फोम गुंडाळलेल्या तलवारींच्या लढाईसाठी. छाती-पाठ १० मिमी ईव्हीए फोमची (खेळाच्या चटईसारखा दाट, लवचीक फोम), खांदे ६ मिमीचे. छातीचं काम सरळ आहे: कागदी साचा, कडा ४५ अंशांत कापायच्या, दोन्ही कडांना काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह, बोटाला चिकटेनासं झालं की एकदाच नेमकं दाबायचं. (ग्लू गन सुचवू नका, सांधा वाकला की उकलतो.)

घोडं अडलंय खांद्यापाशी. चार आडव्या पट्ट्या, एकमेकींवर २ सेंमी चढलेल्या, टोकांना रिव्हेट (थर जोडणारी चपट्या डोक्याची खिळी). वार करायला हात उचलला की अख्खा खांदा वर सरकतो आणि वरची कड थेट जबड्याखाली. शिवाय रिव्हेटचं भोक लांबट होत जातं, मग फोम फाटून रिव्हेटचं डोकं आरपार निघतं. मागे धातूचं वॉशर लावलं तर पोर पडल्यावर टोचणार.

म्हणून रिव्हेट काढून आतून तीन उभे पट्टे लावायचा विचार आहे: मधला नायलॉनचा, कडेचे दोन इलॅस्टिकचे. वरची पट्टी गळ्यापासून ३ सेंमी लांब, दंडाला वेल्क्रो.

अडचण इलॅस्टिकची. गोंद मुरला की ते ताठ होतं, ताणच राहत नाही. फक्त टोकं चिकटवली तर पुरेल का, की शिवावं? शिवलं तर दोरा ६ मिमी फोम कापत जाईल का? आणि खांदा छातीला एका जागी अडकवावा की दोन? गळ्याजवळचं बंधन ओढल्यावर सुटणारंच हवं.